ताटाचा फोटो : एक अपुरी नोंद

"झालो काय गो फोटो? मगे भात घालतंय."

गेल्या वर्षी तीन महिने आमच्या मुलुंडच्या घरात रोज रात्री हे वाक्य ऐकू येत होतं. बोलणाऱ्या माझ्या सासूबाई. वय ब्याऐंशी, माहेर आणि सासर दोन्ही मालवणाकडचं. निमित्त माझ्या साखरेचं. एचबीए१सी या तपासणीतून रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी कळते. ५.७ ते ६.४ या पट्ट्यात आकडा आला की मधुमेह दाराशी आहे असं समजतात. माझा ६.२ आला. ज्या आहारतज्ज्ञ बाईंकडे गेले त्या वयाने माझ्या मुलीएवढ्या, बोरिवलीत बसतात. त्यांनी वही वगैरे लिहायला सांगितलं नाही. म्हणाल्या, "मॅडम, जे खाल त्याचा फोटो काढा आणि मला पाठवा. बाकी काही लिहू नका, लोक लिहिताना विसरतात." मला ते पटलं. अंधेरीतल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात माझी नोकरी, नोंदी ठेवणं हाच धंदा. नव्वद दिवस मी इमानाने फोटो पाठवले. त्यांच्याकडून बहुतेक वेळा अंगठा यायचा, कधी "व्हेरी गुड, भात सोडलात!"

भात मी सोडला नव्हता. आमच्याकडे आधी चपाती-भाकरी आणि शेवटी भात, अशीच जेवायची पद्धत आहे. ताट वाढलं की मी फोटो काढायचे आणि फोटो झाला की आई भात वाढायच्या. तो अंगठा मला पहिल्यांदा आला तेव्हा गैरसमज माझ्या ध्यानात आला नाही. दुसऱ्या आठवड्यात आला, आणि तरी मी खुलासा केला नाही. तीन महिन्यांनी आकडा ६.३ झाला.

त्यानंतर एका रविवारी मी ते सगळे फोटो एकामागून एक पाहिले. एखाद्या लेखकाची समग्र पुस्तकं एका बैठकीत वाचली की त्याच्या लकबी दिसू लागतात, तसं काहीसं झालं. हा लेख त्या वाचनातून निघाला आहे. जेवणाचा फोटो हा आता एक लेखनप्रकारच झालेला आहे. त्याचे संकेत ठरलेले आहेत, लाखो माणसं तो रोज हाताळतात, आणि तरी त्याची समीक्षा आपल्याकडे फारशी कुणी करत नाही. थट्टा मात्र सगळे करतात. देवाच्या आधी फोनला नैवेद्य, ही कोटी तर आता इतकी शिळी झाली आहे की तिच्यावर बुरशी धरली असेल.

माझे जवळजवळ सगळे फोटो वरून काढलेले होते. ताट गोल, मधोमध, कडेला टेबलाच्या सनमायक्याची पट्टी. कुठेही हात नाही, उष्टं नाही, वाफ नाही. प्रत्येक फोटो जेवण सुरू होण्याच्या आधीच्या क्षणाचा. तो जेवणाचा फोटो नसून वाढपाचा फोटो होता. मराठीत हे दोन वेगळे शब्द आहेत हे किती बरं आहे. वाढणं ही एकाची क्रिया, जेवणं ही दुसऱ्याची.

वाढलेलं ताट हे आपल्याकडे फोनच्या कितीतरी आधीपासून एक चित्रच होतं, हेही इथे सांगायला हवं. वर मधोमध मीठ, डाव्या हाताला लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, उजवीकडे भाजी, उसळ, आमटी, मध्ये भाताची मूद, तिच्यावर वरण आणि तूप. 'डावं-उजवं करणं' या शब्दप्रयोगाला ताटापुरता अगदी शब्दशः अर्थ आहे. लहानपणी आम्हा मुलींना हे शिकवलं जायचं आणि चटणी उजवीकडे पडली तर ताट परत घेतलं जायचं. पण त्या रचनेमागे एक हिशोब होता. डावीकडचं थोडं खायचं, ते पुन्हा सहसा वाढत नाहीत. उजवीकडचं आणि मधलं पुन्हापुन्हा वाढायचं. म्हणजे ते ताट पुढच्या अर्ध्या तासाचा नकाशा होतं. पंगतीत वाढपी फिरत राहायचे, आग्रह व्हायचा, 'नको नको' म्हणत पानावर आडवा हात धरला जायचा, आणि जेवणाऱ्याचं पोट भरायचं ते त्या दुसऱ्या-तिसऱ्या वाढीने. फोटोत येते ती फक्त पहिली वाढ. आहाराच्या दृष्टीने ती सर्वांत कमी महत्त्वाची.

जे संशोधक फोटोंवरून आहार मोजतात त्यांना हे माहीत असतं. ते एका जेवणाचे निदान दोन फोटो मागतात, एक आधीचा आणि एक नंतरचा. उरलेलं वजा केलं की खाल्लेलं कळतं. मधे काही वाढून घेतलं तर तेही टिपायचं. माझ्या बाईंनी नंतरचा फोटो मागितला नव्हता. पण मागितला असता तरी मी काय पाठवलं असतं? आमच्या घरात रिकामं ताट म्हणजे जेवण संपलं असं होत नाही. ताटं उचलल्यावर पातेल्याच्या तळाशी दोन चमचे भात आणि वाटीभर आमटी उरते, आणि ती फ्रिजमध्ये कुठे ठेवायची म्हणून ओट्याशी उभ्याने संपवायची. ते माझं दुसरं जेवण. त्याचा एकही फोटो नाही. मला ते टिपावंसं वाटलं नाही असंही म्हणता येणार नाही, कारण आपण काही खातो आहोत हे तेव्हा मला जाणवतच नव्हतं. ते माझ्या लेखी आवरणं होतं.

आता थोडं मागे जाते. खाद्यपदार्थांचे फोटो छायाचित्रणाइतकेच जुने आहेत. विल्यम हेन्री फॉक्स टालबटच्या 'द पेन्सिल ऑफ नेचर' या १८४४ ते १८४६ दरम्यान हप्त्यांनी निघालेल्या पुस्तकातलं शेवटचं, चोविसावं चित्र फळांच्या परड्यांचं आहे. छायाचित्र कशाकशाचं काढता येतं हे दाखवताना त्याला फळंही घ्यावीशी वाटली. रंगीत मासिकं आली तेव्हा हा प्रकार फोफावला, आणि त्यावर सर्वांत टोकदार लिहिलं ते रोलाँ बार्थ यांनी. १९५७च्या 'मिथॉलॉजीज'मध्ये एका फ्रेंच महिला मासिकातल्या पाककृतींच्या छायाचित्रांवर त्यांचं एक छोटं टिपण आहे. त्यांचा मुद्दा असा की त्या पदार्थांवर कसला ना कसला चकाकता थर असतो, खालचं मांस-मासळी झाकलेली असते, आणि ज्या बायकांच्या हातात ते मासिक पडतं त्यांना तो पदार्थ परवडणारच नसतो. तो खायचा डोळ्यांनी. बार्थ आज घाटकोपरला आले असते तर त्यांना नवं काही सापडलं नसतं असं मला आधी वाटायचं. आता वाटत नाही, त्याकडे येतेच.

बार्थ यांच्या टीकेच्या बाहेर राहतो तो स्टीफन शोर. या अमेरिकन छायाचित्रकाराने १९७२-७३ साली देशभर फिरताना खाल्लेली जेवणं, झोपलेल्या खाटा, वापरलेले संडास, भेटलेली माणसं असं सगळं साध्या कॅमेऱ्याने, फ्लॅश मारून टिपलं. ती 'अमेरिकन सरफेसेस' ही मालिका. त्यातली जेवणं मुद्दाम सजवलेली नाहीत. कागदी पेला, अर्धवट खाल्लेलं काहीतरी, टेबलाचा प्लॅस्टिकचा पृष्ठभाग. रोजचं खाणं रोजच्यासारखं दिसावं यासाठी किती शिस्त लागते हे ते फोटो पाहून कळतं. इन्स्टाग्राम २०१०च्या ऑक्टोबरात आलं, त्याच्या चार दशकं आधीची ही गोष्ट. शोरला जे आयुष्याचं काम म्हणून करावं लागलं ते आज प्रत्येकाच्या खिशात आहे आणि तरी तसे फोटो क्वचित निघतात.

आमच्या घरातल्या जुन्या अल्बममध्ये खाण्याचे फोटो किती आहेत ते मी मोजलं. छत्तीस फोटोंचा रोल आणि धुण्याचा खर्च, त्यामुळे जेवणावर एक फोटो घालवायचा तर निमित्त तसंच लागे. केळवण, डोहाळजेवण, बारसं, लग्नाची पंगत. या सगळ्या फोटोंमध्ये ताटामागे माणूस आहे. माझ्या केळवणाच्या फोटोत ताटाभोवती रांगोळी आहे, पण ताटात काय आहे ते दिसत नाही. दिसते ती मी, अवघडून बसलेली, पदर सावरणारी. सुधीर पटवर्धन यांचं 'इराणी रेस्तराँ' हे १९७७चं चित्र ज्यांनी पाहिलं असेल त्यांना आठवेल, तिथेही चित्राचा विषय आहे तो टेबलाशी बसलेला माणूस. फोनने कॅमेरा ताटाच्या डोक्यावर नेला आणि जेवणारा चौकटीबाहेर गेला. जेवणारा नाही म्हणजे भूक नाही, संकोच नाही, कोण कोणानंतर जेवलं तेही नाही. आईंचं ताट माझ्या नव्वद दिवसांत एकदाही आलेलं नाही. ते स्वाभाविक आहे, साखर माझी होती. पण त्यांचं ताट टिपायचं ठरवलं असतं तरी ते वाढलेलं कधी सापडलं असतं मला सांगता येत नाही. त्या जेवतात पातेल्यांच्या कलाने.

मग वाटीचा प्रश्न.

वरून काढलेल्या फोटोत वाटीची खोली जाते. दिसतं ते एक पिवळं वर्तुळ. त्यात पाऊण कप आमटी आहे की दीड कप, हे सांगणं तज्ज्ञालाही अवघड. मराठी पाकशास्त्राच्या पुस्तकांचा इतिहास हा एका अर्थी मापांचा इतिहास आहे. १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' आलं, १९१०मध्ये लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र', हजार पाकक्रिया सांगणारं. आणि १९७०मध्ये कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा'. 'रुचिरा' पिढ्यान्‌पिढ्या का टिकली याची कारणं अनेक असतील, पण एक उघड आहे. तिने तराजू बाजूला ठेवला आणि वाटी-चमचा हे माप धरलं. नुकतं लग्न होऊन उपनगरातल्या दोन खोल्यांत आलेल्या, हाताशी सासू किंवा आई नसलेल्या मुलीला तो मोठा आधार होता. माप नेमकं नसलं तरी चालायचं, कारण सगळ्या जिनसांना वाटी तीच असे आणि प्रमाण जुळे.

जेवणाऱ्याच्या पोटाला मात्र प्रमाण कळत नाही, आकारमान कळतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या अखत्यारीत १९७२पासून काम केलेल्या राष्ट्रीय पोषण निरीक्षण ब्यूरोने घरोघर आहार मोजताना हा गुंता ओळखला होता. त्यांचे पाहणीदार बारा ठरावीक आकारांच्या कपांचा संच घेऊन जात आणि घरातल्या बाईला विचारत, काल तुमच्या घरी हे किती शिजलं, आणि त्यातलं याला कितवा कप, तिला कितवा कप. ही चोवीस तासांच्या आठवणीची पद्धत. तिच्यात विसरणं आहे, लाजेने कमी-जास्त सांगणं आहे. पण एक गोष्ट तिच्यात आहे ती माझ्या फोटोंत नाही: समोर बसलेला माणूस विचारतो, "आणि मग?" त्या 'आणि मग'मध्ये भात सापडला असता.

डब्याबद्दल फार लिहीत नाही, पण तो अगदी वगळून चालणार नाही. मी मुलुंडहून लोकलने घाटकोपर आणि तिथून मेट्रोने अंधेरी अशी जाते. दुपारी स्टाफरूममध्ये सहाजणींचे डबे एका टेबलावर उघडतात. माझ्या डब्याचा फोटो मी काढायचे. त्यातली दीड चपाती आणि अर्धी भाजी इतरांकडे जायची, मी इतर पाचजणींकडचं चमचा-चमचा खायचे, शिवाय एकीचा ढोकळा. म्हणजे फोटो होता माझ्या डब्याचा आणि जेवण होतं टेबलाचं. संध्याकाळच्या लोकलमध्ये मटार सोलताना तोंडात टाकलेले दाणे तर सोडूनच द्या.

आता घाटकोपर. मेट्रोतून उतरून कधीकधी मी पूर्वेच्या खाऊगल्लीत जाते, मैत्रिणी असल्या तर. तिथल्या तव्यावरचा डोसा हा मूळच्या डोशापासून इतका लांब आलेला आहे की त्याची नावंही वेगळी लागतात. लोण्याचा गोळा, वर शेजवान, भाज्या, चीज किसून त्याचा डोंगर, मग गुंडाळ्या करून उभ्या ठेवायच्या. गेल्या वर्षी एका गाडीवर मी पाहिलं, डोसेवाला चीजची तार उचलून हवेत धरून थांबला. मला वाटलं काही अडलं. तो म्हणाला, "काढा ना मॅडम फोटो." मी फोन काढलाच नव्हता, तरी तो थांबला. बार्थ यांनी पाहिलेला पदार्थ वाचकाला न परवडणारा होता. हा शे-दोनशे रुपयांत परवडतो. आणि फोटो काढून घेणं ही पदार्थाच्या कृतीतलीच एक पायरी झाली आहे, तेल घालण्याइतकी. म्हणून म्हटलं, बार्थ यांना इथे काही नवं मिळालं असतं. त्या गल्लीबद्दल मला तक्रार नाही. डोसा चांगला होता, आणि त्या संध्याकाळचे माझे फोटो नव्वद दिवसांतले सर्वांत सुंदर आहेत. आहारतज्ज्ञ बाईंनी त्यावर रडका चेहरा पाठवला होता.

खरी गोष्ट मी अजून सांगितलेली नाही. फोटो तारखेप्रमाणे लावल्यावर मला दिसलं की माझ्याकडे बुधवार, शुक्रवार आणि रविवारच्या रात्रींचे फोटो फारच कमी आहेत. आमच्याकडचे मासळीचे वार हे. रविवारची सुरमई एक-दोनदा आहे. पण आमच्या घरात जे सर्वांत जास्त खाल्लं जातं, म्हणजे कांद्यातला जवळा, भाजून चुरलेल्या सुक्या बोंबलाची चटणी, पावसाळ्यातली सुकट, त्याचा एकही फोटो नाही. आणि त्याच काळात बोरिवलीहून मला तीन वेळा निरोप आला होता, "मॅडम, प्रोटीन खूप कमी पडतंय. पनीर वाढवा." मी पनीर आणलं. पनीर खाल्लं आणि वर जवळाही. सुकी मासळी म्हणजे पाणी काढून टाकलेलं प्रथिन. जे कमी पडतंय असं मला सांगितलं जात होतं तेच मी लपवत होते.

कुणापासून? त्या बाईंनी मला कधी विचारलं नव्हतं की तुम्ही काय खात नाही. त्यांचं आडनाव ऐकून मी त्या शाकाहारी असतील असं ठरवलं, बस. पण ते निमित्त. मूळ सवय जुनी आहे. आमच्या मजल्यावर चार घरं, त्यातली तीन शाकाहारी. त्यांनी आजवर आम्हाला एका शब्दाने दुखावलेलं नाही. तरी बोंबील भाजायचे तर आई आधी स्वयंपाकघराची खिडकी लावतात, धूप पेटवतात, आणि मी दाराखाली ओलं फडकं सारते. पूर्व असो की पश्चिम, मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीच्या कितीतरी इमारतींतल्या मराठी घरांना हे सांगावं लागणार नाही. कोण काय शिजवतं यावरून घर नाकारलं जाणं, जिन्यात कुजबुज होणं, प्रकरण वाढून बातम्यांत येणं, हे आपण वाचत असतो. सप्टेंबर २०१५मध्ये पर्युषणाच्या काळात मीरा-भाईंदर पालिकेने आठ दिवस आणि मुंबई पालिकेने चार दिवस मांसविक्री बंद ठेवायचं ठरवलं तेव्हा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. मासे त्या बंदीच्या बाहेर होते. आमच्या घरात त्या दिवसांत सुद्धा खिडकी बंद होती. फोन ही घरातली आणखी एक खिडकी आहे, आणि ती मी आपोआप लावून घेतली होती.

याची दुसरी बाजू वर्सोव्याला दिसते. अंधेरी स्टेशनपासून फार लांब नाही. तिथल्या कोळीवाड्यात बांबूच्या वलांडींवर बोंबील सुकत घातलेले असतात, तोंडात तोंड अडकवून, ओळीने. हौशी छायाचित्रकार सकाळी सकाळी तिथे येतात. मागे समुद्र, पुढे बोंबलांचे पडदे, उन्हाची तिरीप. या दृश्याचे हजारो फोटो असतील, काही प्रदर्शनांतही लागत असतील. तोच बोंबील वलांडीवरून उतरून बाजारात, बाजारातून पिशवीत आणि पिशवीतून माझ्या ताटात आला की त्याचा फोटो निघत नाही. निसर्गदृश्य म्हणून तो चालतो. जेवण म्हणून तो वासाचा.

मराठी लेखनाने हे काम फोटोच्या कितीतरी आधी आणि अधिक धीटपणे केलेलं आहे, असं मी म्हणणार होते. पण सगळ्या मराठी लेखनाने केलेलं नाही. आपलं जे लाडकं खाद्यललित आहे, ज्याचा मुकुटमणी पु. ल. देशपांड्यांचा 'माझे खाद्यजीवन', ते वाचताना आजही तोंडाला पाणी सुटतं. पुलं जोगेश्वरी-पार्ल्यात वाढले, म्हणजे आमच्याच उपनगरांचे. त्यांच्या त्या लेखाचा आनंद मला कमी करायचा नाही. पण त्या परंपरेत मागाहून जे लिहिलं गेलं, दिवाळी अंकांमधून दरवर्षी येत राहिलं, आजीच्या हातचं, गावाकडचं, हरवलेल्या चवीचं, ते बरंचसं वरून काढलेल्या फोटोसारखंच आहे. ताट भरलेलं, माणूस समाधानी, भात कुणी शिजवला आणि शेवटी कुणाला किती उरला हे चौकटीबाहेर. चीजची तार तिथेही आहे, फक्त शब्दांची.

वेगळं लिहिलं ते दुसऱ्यांनी. ऊर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये (२००३) कोकणातलं खाणं येतं ते भुकेच्या आणि बाईच्या वाट्याच्या हिशोबासकट. शाहू पाटोळ्यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली आलं. शीर्षकातल्या एका 'अ'ने त्यांनी आपल्या जेवणाआधीच्या श्लोकालाच प्रश्न विचारला. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांचं रोजचं खाणं, त्यातली मांसाच्या सुकवलेल्या चान्यांसारखी, कुठल्याही पाककृतींच्या पुस्तकात न आलेली प्रकरणं, त्यांनी कृतींसह लिहून काढली. ते पुस्तक मी प्रथम वाचलं ते ग्रंथालयात दाखलनोंद करताना, उभ्याउभ्या. वर्गीकरणात त्याला पाकशास्त्रात घालायचं की समाजशास्त्रात, यावर माझा अर्धा दिवस गेला. त्याआधी २००९मध्ये पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दलितांच्या अन्नस्मृतींवर जे काम केलं त्याचं नावच इंग्रजीत असा प्रश्न आहे, की हे ताट भारतीय नाही काय? माझा प्रश्न त्यांच्यापुढे फार लहान आहे याची मला जाणीव आहे. चान्या लपवायला लावणारी व्यवस्था आणि जवळा लपवणारी मी, या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत. माझी खिडकी मी स्वतः लावते, त्यांच्यासाठी दार बाहेरून लावलेलं होतं. पण लिहिण्याने काय साधतं हे मला त्या पुस्तकांतून कळलं. पाटोळे पदार्थ सुंदर दिसावा म्हणून धडपडत नाहीत. तो कधी, कशासाठी, किती मीठ-तेलात आणि का तेवढ्याच, हे सांगतात. फोटोला यातलं काहीच विचारता येत नाही.

फोनवर सगळा दोष टाकणंही खरं होणार नाही. याच फोनवर आज कोळी आणि आगरी बायका आपल्या स्वयंपाकघरातून चित्रफिती करतात, जवळा निवडण्यापासून. त्यांत हात दिसतात, बांगड्या वाजतात, "एवढंसं मीठ" म्हणताना बोटं दिसतात, मधेच पोर रडतं. आई त्या आवडीने बघतात आणि चुका काढतात. एकटा स्थिर फोटो जे गमावतो ते आवाजाने आणि हाताने परत येतं. माझी तक्रार त्या वरून काढलेल्या, हात नसलेल्या, पहिल्या वाढीच्या फोटोबद्दल आहे, आणि त्याला पूर्ण नोंद समजण्याबद्दल.

दिवाळीनंतर मी पुन्हा सुरुवात केली. आधीचा फोटो, नंतरचा फोटो, आणि खाली एक ओळ. भात दीड वाटी. उभ्याने आमटी. स्टाफरूममध्ये ढोकळा दोन. पहिल्या बुधवारी जवळ्याचा फोटो काढला तेव्हा हात थरथरला असं म्हटलं तर नाटकी होईल, पण दोनदा काढला हे खरं. खाली लिहिलं, 'कांद्यातला जवळा. हा गेले तीन महिनेही होता. भातही.' बराच वेळ काही आलं नाही. मग उत्तर आलं. रडका चेहरा नव्हता, अंगठाही नव्हता. "किती वाटी? आणि वाटी केवढी?"

म्हणून त्या रात्री आम्ही घरातल्या वाट्या ओट्यावर मांडल्या आणि औषधाच्या मापाने पाणी ओतून मोजल्या. तीन निरनिराळ्या आकारांच्या निघाल्या. सर्वांत खोल, जड, काठ वळलेली वाटी आईंच्या माहेरची. तीच मी रोज आमटीला घेत होते, कारण ती हाताला येते. तिच्यात मापाने अडीचशे मिलिलिटरच्या वर पाणी गेलं. आई बघत होत्या. म्हणाल्या, "ही वाटी आमटीक कोण घेता? ही सोलकढीची."